परदेशांतील पहिलें बिऱ्हाड

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास करवीर व आसपासच्या तालुक्यांतून दरसाल कित्येक मुलगे व मुली उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जावयास निघतात. त्या दिवसांत त्यांच्या घरीं जी धांदल असते ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. विद्यापीठ कोणतें, फी किती, बँकेनें कर्ज किती दिलें, त्यास तारण काय लागलें, शिक्षण पुरें झाल्यावर पगार किती मिळेल, या प्रश्नांचा खल महिनेन्‌महिने चाललेला असतो. व्हिसा हातीं आला म्हणजे अंबाबाईचें दर्शन होतें, पेढे वाटले जातात, पेठेंतील तरुण मंडळाच्या फलकावर अभिनंदनाचा मजकूर झळकतो, आणि दोन गाड्या भरून माणसें मुंबईच्या विमानतळापर्यंत पोंचवावयास जातात. हें सर्व योग्यच आहे. परंतु एक प्रश्न या सगळ्या खटाटोपांत बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, पहिल्या महिन्यांत हा मुलगा तेथें कोणाशीं बोलणार? त्याच्या खोलींत ऊब आहे कीं नाहीं हें कोण पाहणार? दोन दिवस तो वर्गांत दिसला नाहीं, तर त्याचें दार कोण ठोठावणार? आमच्या मतें हा प्रश्न फीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नसून त्याला पाठविणाऱ्या समाजाचीहि आहे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

याविषयीं आपल्या लोकांत दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी कीं, विद्यार्थी शिकावयास जातो, ओळखीपाळखी करावयास नव्हे. चहाचीं आमंत्रणें, सहली, खेळ, गप्पा हा वेळेचा व बापाच्या पैशाचा अपव्यय होय. दुसरी अशी कीं, खिशांत पैसा असला म्हणजे बाकीचें सर्व आपोआप जमतें. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्याचा पुरावा शोधण्यास लांब जावयास नको. करवीरच्या इतिहासांतच तो आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्यांच्या परदेशगमनाचा पहिला कागद कोल्हापुरांत लिहिला गेला, हें आपल्या शहरांतहि थोड्यांनाच ठाऊक असतें. त्यांचे यजमान गोपाळराव जोशी पोस्टखात्यांत नोकरीस होते व १८७८ सालीं त्यांची नेमणूक येथें होती. पत्नीस अमेरिकेंत शिक्षण मिळावें या हेतूनें त्यांनीं येथील अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र लिहून मदत मागितली. तें पत्र वाइल्डर या मिशनरी गृहस्थांकडे गेलें. वाइल्डर यांनीं पूर्वीं कोल्हापुरांत पुष्कळ वर्षें काम केलें होतें, व त्या वेळीं ते अमेरिकेंत एक मासिक चालवीत असत. त्यांनीं तें पत्र मासिकांत छापलें आणि उत्तरादाखल धर्मांतराचा उपदेश केला. गोपाळरावांचें काम त्यानें कांहीं साधलें नाहीं. पण १८८० सालीं न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दांतांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां, तो अंक सहज त्यांच्या हातीं पडला. एका हिंदु मुलीस शिकावयाचें आहे आणि तिला कोणी हात देत नाहीं, हें वाचून त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र घातलें.

पुढें जवळजवळ तीन वर्षें या दोघींचीं पत्रें जात-येत राहिलीं. आपल्या चालीरीति, सणवार, प्रकृतीच्या तक्रारी, स्त्रियांची स्थिति, सर्व कांहीं त्यांत येत असे. आनंदीबाई कार्पेंटरबाईंस मावशी म्हणूं लागल्या. ४ जून १८८३ रोजीं वयाच्या अठराव्या वर्षीं त्या न्यू यॉर्क बंदरांत उतरल्या तेव्हां ही मावशी त्यांस न्यावयास हजर होती. कॉलेज सुरू व्हावयास अजून चार महिने अवकाश होता. ते सगळे दिवस आनंदीबाईंनीं रोझेल येथें कार्पेंटर कुटुंबांत काढले. परक्या भाषेंत घरगुती बोलणें कसें असतें, शेजाऱ्याकडे कसें जावें-यावें, बाजार कसा करावा, हें सर्व त्या पुस्तकांतून न शिकतां माणसांतून शिकल्या. त्यांस आधीं घर मिळालें आणि मग कॉलेज मिळालें. हा क्रम आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा.

या मायेपायीं आनंदीबाईंस आपलेंपण गमवावें लागलें काय? मुळींच नाहीं. निघण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत केलेल्या भाषणांत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं सांगितलें होतें. तो शब्द त्यांनीं पाळला. अन्न शाकाहारी ठेवलें, वेष लुगड्याचाच ठेवला. मात्र नऊवारी नेसण्यांत पोटऱ्या उघड्या पडतात व तेथील थंडी सोसत नाहीं, असें दिसून आल्यावर त्यांनीं गुजराती पद्धतीनें पायघोळ नेसण्यास आरंभ केला. कोणती गोष्ट धरून ठेवावयाची आणि कोणती हवामान पाहून बदलावयाची, हा विवेक त्या अठरा वर्षांच्या मुलीस होता. जो दुसऱ्याच्या घरांत प्रेमानें वावरतो त्यासच हा विवेक लवकर येतो. जो दार लावून आंत बसतो, तो एक तर सर्वच धरून बसतो किंवा एके दिवशीं सर्वच टाकून देतो.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू पाहूं. ऑक्टोबर १८८३ मध्यें आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. कॉलेजच्या मुख्य रेचल बॉडली या सहृदय होत्या. परंतु आनंदीबाईंच्या वांट्यास प्रथम जी खोली आली तींतील शेगडी धड नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर गारठा, अशी स्थिति. परक्या देशांत आलेली मानी मुलगी तक्रार तरी कोणापुढें करणार? आनंदीबाईंची प्रकृति पुढें ढांसळतच गेली. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम. डी. ची पदवी मिळविली. कोल्हापूर दरबारनें त्यांस आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आज ज्यास आपण सी.पी.आर. म्हणतों त्या इस्पितळाच्या, स्त्रीविभागावर नेमलें; आणि ती जागा हातीं घेण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. याचें सारें खापर एका खोलीवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि विद्वत्ता, धैर्य व पदवी ही सर्व असूनहि देह टिकला नाहीं, आणि जी डॉक्टर आपल्या शहराच्या बायाबापड्यांस मिळावयाची ती मिळाली नाहीं, हा हिशेब करवीरनें तरी विसरूं नये. खोलीची ऊब ही चैनीची बाब नव्हे, ती शिक्षणाच्या खर्चांतलीच एक रक्कम आहे. आणि पहिल्या दिवसांतील स्नेह किती खोल जातो तें पहा: आनंदीबाईंच्या अस्थि पुढें कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यू यॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्यांस जागा मिळाली.

दुसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते जुलै १९१३ मध्यें न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पोंचले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहांत उतरले. तेथील जेवण, विशेषतः त्यांतील गोमांसाचे पदार्थ, न मानवल्यामुळें आठवड्याभरांत तें सोडून कॉस्मॉपॉलिटन क्लबांत राहावयास गेले. आणि तेथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या संगतींत स्थिर झाले. थोड्या काळांत तीन बिऱ्हाडें! आजचा एखादा पालक असता तर त्यानें फोनवरून मुलाला चंचल म्हणून झिडकारलें असतें. आरंभीचे कांहीं दिवस खेळ, नाटकें, मित्रमंडळी यांतहि गेले. ज्याच्या पंगतीला मायदेशीं कोणी बसत नव्हतें, त्या तरुणानें जन्मांत प्रथमच चार माणसांत बरोबरीनें बसून जेवण्याचा आनंद घेतला, तर तो अपव्यय कसा म्हणावा? त्यानंतर त्यांनीं अभ्यासास जें जुंपून घेतलें त्याची हकीकत जगजाहीर आहे.

व्यापारी वाचकांनीं या ओळखीचा हिशेब आपल्या पद्धतीनें मांडून पाहावा. १९२० सालीं आंबेडकर अपुरें राहिलेलें शिक्षण पुरें करण्यास लंडनला निघाले तेव्हां जवळची शिल्लक पुरेशी नव्हती. त्या वेळीं आपल्या शाहू छत्रपतींनीं मदत केली, आणि पांच हजार रुपये कर्जाऊ दिले ते याच नवल भथेना यांनीं. म्हणजे वसतिगृहांतील स्नेहाची हुंडी सात वर्षांनीं वटली. आंबेडकर एकलकोंडे राहिले असते तर ती हुंडी लिहिलीच गेली नसती. त्यांनीं स्वतः पुढें आपल्या आयुष्यांतील उत्तम मित्रांची गणना करतांना कोलंबियांतील सहाध्यायी व गुरुजन यांचाच उल्लेख केला आहे.

पैशानें सर्व जमतें या दुसऱ्या समजुतीस शाहू महाराजांनीं एका शतकापूर्वींच उत्तर देऊन ठेवलें आहे. खेड्यांतला हुशार मुलगा कोल्हापुरास येतो, शाळेंत त्यास नांव घालतां येतें, पण त्यास राहावयास जागा कोणी देत नाहीं व जेवावयास पंगत मिळत नाहीं, म्हणून तो परत जातो, हें महाराजांनीं ओळखलें. फी माफ करून ते थांबले नाहींत. १९०१ सालीं मराठा बोर्डिंग सुरू झालें, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं एकामागून एक वसतिगृहें निघालीं. कोल्हापुरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात तें यामुळें. त्या खेड्यांतल्या मुलाला कोल्हापूर हा परदेशच होता. आज आपल्या मुलांचा परदेश हजारों मैल दूर गेला आहे, एवढाच फरक. महाराजांच्याच नांवें महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं परदेश शिष्यवृत्ति चालवितें व त्यांत ७५ जागा आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तें नांव धारण करणाऱ्या योजनेनें महाराजांचें धोरणहि धारण करावें. पहिला हप्ता घरभाड्याच्या तारखेपूर्वीं विद्यार्थ्याच्या हातीं पडलाच पाहिजे, आणि शहरोशहरीं त्यास उतरवून घेणारें कोणी ओळखीचें माणूस असलें पाहिजे. ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांत कोणी परदेशीं गेलें नाहीं, त्याच्यासाठीं तर हें अत्यंत निकडीचें आहे. श्रीमंताच्या मुलाला तेथें काका-मामा असतात. शेतमजुराच्या मुलीला कोणी नसतें. आरंभ असा विषम झाल्यावर, परीक्षा समान आहे म्हणून न्याय झाला असें कोणी समजूं नये.

कायद्याच्या दृष्टीनेंहि पाहावें. परदेशची सरकारें विद्यार्थ्याच्या पैशाची चौकशी मोठ्या बारकाईनें करतात. कॅनडानें १ जानेवारी २०२४ पासून, राहण्याखाण्यासाठीं दाखवावयाची रक्कम दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेली व पुढें ती आणखी वाढविली. जर्मनीनें सप्टेंबर २०२४ पासून वर्षाकाठीं ११,९०४ युरो बँकेंत अडकवून ठेवण्याचा नियम केला. हे आंकडे पाहून बाप जमीन गहाण ठेवतो. परंतु या मुलाला तेथें बोलावयास एक तरी माणूस आहे काय, असा रकाना कोणत्याहि सरकारच्या अर्जांत नाहीं. कायदा जेथें संपतो तेथें समाजाचें काम सुरू होतें, आणि तेथेंच आपण हात आखडता घेतों.

कोणी म्हणेल, आतां फोन आहे, रोज मुलाचें तोंड दिसतें, मग काळजी कसली? आम्ही म्हणतों, फोन उपकारक आहे. पण तो मुलाला मागें सोडलेल्या घरांत ठेवतो, नव्या घरांत नेत नाहीं. रोज तासन्‌तास आईशीं बोलणाऱ्या मुलास शेजारच्या खोलींतल्या विद्यार्थ्याचें नांवहि ठाऊक नसावें, असें घडूं शकतें. ताप आला असतां पेजेचें भांडें फोनमधून बाहेर येत नाहीं. आईनें रोज किती जेवलास हें अवश्य विचारावें. त्याबरोबर आज कोणाबरोबर जेवलास, हेंहि विचारीत जावें.

आतां करावें काय? पहिली गोष्ट, जाण्यापूर्वीं पत्रव्यवहार. आनंदीबाईंनीं तीन वर्षें केला, तो काळ आगबोटीचा होता. आज तीन महिने तरी करण्यास काय हरकत आहे? शिवाजी विद्यापीठानें आणि येथील जुन्या कॉलेजांनीं परदेशांत स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची शहरवार यादी ठेवावी, व नव्या विद्यार्थ्यास पहिला पंधरवडा आधार देण्यास जे राजी असतील त्यांचीं नांवें त्यांच्या संमतीनें त्यास द्यावींत. यास इमारत लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं. एक चोपडी व एक कळकळीचा कारकून पुरे. आपल्या गुळाच्या पेठेंत परगांवचा व्यापारी आला म्हणजे पेढीवाला त्याच्या राहण्याजेवण्याची विचारपूस आधीं करतो आणि दराची गोष्ट मागाहून काढतो. ज्या गांवाला ही रीत ठाऊक आहे त्यास ही चोपडी जड जाऊं नये.

दुसरी गोष्ट, घरकाम. आपल्याकडील मुलगे बाविसाव्या वर्षीं यंत्रशास्त्राची पदवी घेतात, पण भाताला पाणी किती घालावें हें त्यांस सांगतां येत नाहीं, आणि याची त्यांस किंवा त्यांच्या वडिलांस लाज वाटत नाहीं. परदेशीं गेल्यावर पहिल्या आठवड्यांतच ही विद्या नसल्याचें दुःख कळतें. स्वयंपाक, धुणें, झाडलोट हीं बायकांचीं कामें, ही समजूत तेथें एक दिवस टिकत नाहीं; मग येथेंच ती सोडून देण्यास प्रत्यवाय कोणता? ज्याला चार माणसांपुरतें पिठलें-भाकरी करतां येते त्याच्या खोलींत चार देशांचीं माणसें आपण होऊन येतात. स्नेहाची सुरुवात पुष्कळदां चुलीपाशींच होते.

तिसरी गोष्ट, भाडेपत्र. वकिलीच्या धंद्यांतला माणूस म्हणून आम्ही हें आग्रहानें सांगतों कीं, सही करण्यापूर्वीं तें शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. अनामत किती, ती परत केव्हां, मुदतीपूर्वीं जागा सोडल्यास दंड काय, आणि हिंवाळ्यांत ऊब पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हीं चार कलमें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. अडचण आल्यास विद्यापीठाच्या विद्यार्थी-कचेरींत जाऊन तोंड उघडावें. तक्रार करणें म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें प्राप्त आहे. परदेशीं आपलीं मंडळें आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून चालत आलें आहे. नवख्या मुलाला गणपतीच्या दिवसांत तेथें मोदक मिळाला व मराठी शब्द कानीं पडला तर त्यास किती धीर येतो हें सांगावयास नको. परंतु असा आधार उंबरठ्यासारखा असावा, कुंपणासारखा नसावा. कांहीं ठिकाणीं आपले लोक बरोबर लोणच्याच्या बरणीसारखी जातहि बांधून नेतात. अमेरिकेंतील सिॲटल शहरास फेब्रुवारी २०२३ मध्यें जातीवरून भेदभाव करण्यास बंदी करणारा ठराव कायदा म्हणून करावा लागला, ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाहीं. खोलींतला सोबती कोण, त्याचें आडनांव काय, असें कोल्हापुरांतून फोनवर विचारणारे आईबाप आपल्या मुलाचा अर्धा परदेश त्याच वेळीं बंद करून टाकतात.

आणि शेवटीं स्वतःच्या दाराकडे पाहावें. न्यू यॉर्कमध्यें ज्या आंबेडकरांस जात न विचारतां खोली मिळाली, तेच १९१७ सालीं विद्वान होऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत ते नांव बदलून राहिले, आणि अकराव्या दिवशीं लोक काठ्या घेऊन त्यांस हांकून देण्यास आले. परदेश त्यांस परका वाटला नाहीं, स्वदेशच परका ठरला. हा प्रकार आतां इतिहासजमा झाला, असें छातीवर हात ठेवून म्हणणारा घरमालक आपल्या शहरांत पुढें येईल काय? राजारामपुरी, शाहूपुरी आणि विद्यापीठाच्या परिसरांत दुसऱ्या जिल्ह्यांतले, दुसऱ्या प्रांतांतले विद्यार्थी खोल्या शोधीत हिंडतात. त्यांचें आडनांव, धर्म किंवा ताटांतले पदार्थ विचारून दार लावणारे लोक आजहि आढळतात. आपला मुलगा टोरांटोस गेला कीं कोणीतरी कार्पेंटरबाई त्यास भेटावी अशी आपण देवाजवळ प्रार्थना करतों. त्या प्रार्थनेस तोंड फोडण्यापूर्वीं, आपल्या गल्लींत काल उतरलेल्या परगांवच्या मुलीस आपण पाणी तरी विचारलें काय, हें प्रत्येकानें मनाशीं पाहावें.

गांव करी तें राव न करी, अशी आपली म्हण आहे. शाहू महाराजांच्या वेळीं रावानें केलें व गांवानें त्यास हातभार लावला. आतां राव नाहीं. गांवानेंच करावयाचें आहे. यंदा जीं मुलें निघालीं त्यांच्या गळ्यांत हार अवश्य घालावे. परंतु एक हार कमी करून त्या पैशांत एक लोंकरी पांघरूण द्यावें, आणि तेथल्या एका भल्या माणसाचें नांव व ठिकाण त्यांच्या हातावर ठेवावें. एवढें करवीरनें केलें तर परदेशीं जाणारा प्रत्येक विद्यार्थी शाहू महाराजांच्या वसतिगृहांतूनच निघाला, असें आम्ही समजूं.